बंदुकीचा परवाना कुणाला मिळतो आणि कुणाला नाही?

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत सगळ्या महाराष्ट्राला कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्र परवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले. प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. त्या हत्येत बंदूक चाललीच नव्हती, अमानुष मारहाणीत जीव गेला होता. तरीही लोकांचा राग परवान्यांवर निघाला आणि तो अनाठायी नव्हता. परवान्याचं पिस्तूल कुणाच्या कमरेला आहे, यावरून गावात कुणाचा शब्द चालतो हे लोकांना वर्षानुवर्षं दिसत होतं.

याच मराठवाड्यात दुसरीही तक्रार ऐकू येते. हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही पारावर बसा. रानडुकरांनी हरभरा लोळवला, रोह्यांनी (नीलगायींनी) तूर खाल्ली, आणि ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीसाठी अर्ज करायला गेलं तर कुणी नीट उत्तर देत नाही, असं सांगणारा माणूस भेटतोच.

एक म्हणतो, इतके परवाने वाटलेच कसे? दुसरा म्हणतो, मला एक का मिळत नाही? वरवर पाहता दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत. पण दोघांचं बोट एकाच कायद्याकडे आहे आणि बहुधा त्या कायद्यातल्या एकाच जागेकडे. ती जागा कोणती, हे समजलं की शस्त्र कायद्यावरची निम्मी टीका समजते.

कायदा नेमकं काय म्हणतो

सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. पोलिसांच्या बातम्यांत ‘आर्म्स अ‍ॅक्ट’ किंवा ‘हत्यार कायदा’ म्हणतात तो हाच. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि अलीकडची मोठी दुरुस्ती २०१९ ची.

मूळ सूत्र साधं आहे. बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ ठेवायचं तर परवाना हवा. २०१९ पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती, ती पाच झाली. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीने आणली. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या मापाची काही शस्त्रं सामान्य नागरिकाला जवळपास मिळतच नाहीत. त्यांना ‘प्रतिबंधित’ शस्त्रं म्हणतात. आपल्याकडे ज्याची चर्चा होते ते १२ बोअरची बंदूक किंवा .३२ चं रिव्हॉल्व्हर अप्रतिबंधित वर्गात येतं.

शस्त्र म्हणजे काय, याची व्याख्या मराठवाड्याने नीट वाचण्यासारखी आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू मात्र शस्त्र नाही. लाठी आणि साधी हातकाठी यांचा तर कायद्यात नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे बीड-धारूरहून कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता या कायद्याच्या बाहेर आहे. तलवार, खंजीर, भाला ही धारदार शस्त्रं मात्र आत येतात. सरकारने कलम ४ खाली अधिसूचना काढलेल्या भागात ती बाळगायलाही परवाना लागतो. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांवर ‘कलम ४/२५’ लागतं ते यामुळे.

परवाना देतो कोण? आपल्या भागात बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त. अर्ज गेला की पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात: गुन्हे आहेत का, वागणूक कशी आहे, धोका खरा आहे का. २०१६ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत हो किंवा नाही असा लेखी निर्णय व्हावा. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं.

मग घोडं अडतं कुठे

गाडीच्या लायसन्सशी ताडून पाहू. वय पूर्ण आहे, डोळे ठीक आहेत, गाडी चालवण्याची परीक्षा पास झालात, तर आरटीओ तुम्हाला लायसन्स देतो. ‘तुम्हाला गाडी चालवायची गरजच काय?’ असं तो विचारत नाही. शेजाऱ्याला लायसन्स आहे आणि तुम्हाला नाही, तर त्याचं कारण कागदावर दाखवता येतं: तुम्ही नापास झालात. शस्त्र परवान्याचं तसं नाही. तिथे सगळ्या अटी पूर्ण केल्यावरही एक प्रश्न उरतो, की अधिकाऱ्याला तुमचं कारण पटलं का?

कायद्याच्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. पहिली वाट साध्या माणसासाठी. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक हवी असेल, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना ‘द्यावा’ अशी कायद्याची भाषा आहे. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर दुसरी साधी बंदूकही देता येते. दुसरी वाट बाकी सगळ्या शस्त्रांसाठी, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी. तिथे अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. दोन्ही वाटांवर पुढे कलम १४ उभं आहे. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर अधिकारी परवाना नाकारू शकतो.

कायदा लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या बंदुकीची वाट सोपी ठेवली होती आणि कमरेच्या पिस्तुलाची अवघड. प्रत्यक्षात आपल्याकडे गाजतात ती पिस्तुलं. पुढारी, बांधकामवाले, वाळूच्या धंद्यातले, त्यांच्या मागेपुढे फिरणारे यांना ‘सबळ कारण’ दाखवता येतं, कारण त्यांच्या अर्जामागे फोन असतो. शेतकऱ्याच्या अर्जामागे फक्त सातबारा असतो.

टीकेचा गाभा मला इथेच दिसतो. कायदा कडक आहे की सैल, हा पुढचा प्रश्न. ‘सबळ कारण’ आणि ‘सार्वजनिक शांतता’ या दोन पोकळ्यांत काय भरायचं हे प्रत्येक अधिकारी आपापल्या परीने ठरवतो, ही खरी अडचण. एकाच जिल्ह्यात एका अधिकाऱ्याच्या काळात परवाने भराभर निघतात आणि दुसऱ्याच्या काळात सगळं ठप्प होतं. मर्जीवर चालणारी बंदी ताकदवान माणसाला लागतच नाही. ती लागते फक्त ज्याची ओळख नाही त्याला.

अमेरिकेतही हा वाद झाला. न्यूयॉर्क राज्यात घराबाहेर पिस्तूल बाळगायला ‘योग्य कारण’ दाखवावं लागे. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे तो निकाल आपल्याला लागू होत नाही आणि तिथली बंदुकांची संस्कृती इथे यावी असं मला अजिबात वाटत नाही. पण मर्जीवर चालणारा परवाना कुठल्याही देशात त्याच जागी दुखतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

‘हा तर इंग्रजांचा कायदा’ हे कितपत खरं?

टीकाकार हमखास १८७८ चा दाखला देतात. १८५७ च्या उठावानंतर हिंदी लोकांच्या हातात शस्त्र राहू नये असं इंग्रजांना वाटत होतं. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ मध्ये शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही केला. वृत्तपत्रांचा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही, १९५९ चा कायदा १९६२ मध्ये लागू होईपर्यंत चालू राहिला.

महात्मा गांधींचं १९१८ मधलं एक वाक्य या वादात नेहमी येतं. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राजवटीचं सर्वांत काळं कृत्य म्हणून इतिहास पाहील, असा त्याचा आशय. पुढचं वाक्य मात्र सहसा कुणी सांगत नाही. ते पत्रक खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीचं होतं. हा कायदा जावा असं वाटत असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल, तर सैन्यात भरती होण्याची ही संधी आहे, असं गांधीजी सांगत होते. घरोघरी पिस्तूल असावं हा त्यातला मुद्दा नव्हता. संदर्भ कापून वाक्य वापरणं बरोबर नाही, मग ते आपल्या बाजूचं असलं तरी.

तरीही एक गोष्ट उरते. १९२८ च्या नेहरू अहवालात नागरिकाला नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा असं स्पष्ट लिहिलं होतं. १९३१ च्या कराची ठरावानेही तेच म्हटलं. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा सरसकट हक्क घटनेत लिहिला तर तो ठगाला आणि दरोडेखोरालाही मागता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनाकारांनी दिलेला नाही.

हक्क नाही, हे त्यामुळे पक्कं आहे. पण हक्क नसला म्हणजे मनमानी चालते असं होत नाही. १९५९ चा कायदा आणताना सरकारने संसदेपुढे जो हेतू मांडला, त्यात ज्यांची पूर्वपीठिका किंवा प्रवृत्ती आड येत नाही त्या सर्व नागरिकांना स्वसंरक्षणाचं शस्त्र परवान्यावर उपलब्ध असावं, असं म्हटलं होतं. कलम १४ मध्ये तर असंही आहे, की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येणार नाही. गरिबाचा विचार कायद्याने केला होता. पण १९८६ मध्ये नागरिकांसाठी बंदुका आयात करणं बंद झालं आणि त्यानंतर अप्रतिबंधित रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः सरकारी कारखान्याचं, असं झालं. त्याची किंमत लाखाच्या घरात गेली. परवाना गरिबाला नाकारता येत नाही, पण हत्यार गरिबाला घेता येत नाही.

मराठवाड्याने हे दोन्ही बाजूंनी भोगलं आहे

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि इंग्रजांचा १८७८ चा कायदा तिथे थेट लागू नव्हता. त्यामुळे ‘इंग्रजांनी आम्हाला निःशस्त्र केलं’ ही गोष्ट पुण्या-मुंबईची आहे. आपली गोष्ट वेगळी आहे आणि जास्त बोचरी आहे.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, हातात बंदुका होत्या आणि राज्याची सत्ता त्यांच्या पाठीशी होती. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली केलेला माणूस. खेड्यातल्या माणसाजवळ काठ्या, कुऱ्हाडी, गोफणी आणि कुठे एखादी ठासणीची बंदूक. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उभे केले ते शस्त्रं मिळवण्यासाठी आणि प्रतिकारासाठी. सत्ता एका गटाला शस्त्र देते आणि बाकीच्यांना उघडं पाडते तेव्हा काय होतं, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलं आहे. नागरिकाकडे शस्त्र असावं असं म्हणणारे लोक याच आठवणीवर बोट ठेवतात.

पण ही गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ ला संपत नाही. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने हैदराबाद राज्य ताब्यात घेतल्यावर, सूडाची लाट आली. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यात बहुसंख्य मुसलमान होते आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मुसलमान गावकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली गेली आणि हिंदूंकडची अनेक ठिकाणी तशीच राहिली, ही बाबही त्या पाहणीत होती.

ही दोन्ही पानं एकत्र वाचली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. एकच पान वाचणारा माणूस यातून हवं ते शिकतो. दोन्ही वाचली तर दिसतं की आधीही आणि नंतरही घात झाला तो शस्त्रबंदी एकाला आणि मोकळीक दुसऱ्याला, या पक्षपाताने. आज परवान्यांच्या यादीत कोणत्या जातीची, कोणत्या पक्षाची, कोणत्या धंद्याची माणसं भरली आहेत हा प्रश्न म्हणूनच वायफळ नाही.

शेतकऱ्याची अडचण बंदुकीपुरती नाही

रानडुकरांचा त्रास शहरात बसून कळत नाही. रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला अंधारात रानात जावं लागतं. कणसं भरली की जागल करायला आखाड्यावर झोपावं लागतं. लोक जुन्या साड्यांचं कुंपण घालतात, डबे बडवतात, फटाके वाजवतात. डुकरं दोन-चार दिवसांत त्या आवाजाला सरावतात. आष्टी तालुक्यात २०२० च्या अखेरीस बिबट्याने माणसं मारली तेव्हा तर दिवसाढवळ्या शेतात जायची धास्ती होती.

समजा अशा शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला. तरी त्याने डुकरावर गोळी झाडायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार पिकाला धोका असलेला प्राणी मारायला वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. बंदूक जिल्हाधिकारी कार्यालयाची, गोळी चालवण्याची परवानगी वन विभागाची, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याचा तिसरा फेरा. प्रत्येक नियमामागे आपापलं कारण आहे आणि वन्यप्राणी कुणीही उठून मारावेत असं मी म्हणत नाही. पण हे तिन्ही फेरे एका माणसाने, पेरणी-काढणीच्या दिवसांत, मजुरी बुडवून मारायचे असतात.

मग तो काय करतो? तारेत करंट सोडतो. डुकरासाठी स्फोटकाचा गोळा ठेवतो. दोन्ही बेकायदेशीर आहेत, आणि दोन्हींनी माणसं मेली आहेत: शेजारचा शेतकरी, गुरं वळणारा पोरगा, कधी स्वतः करंट सोडणाराच. नोंद असलेली, प्रशिक्षण घेतलेल्या हातातली बंदूक नाकारून आपण त्याच्या जागी नोंद नसलेला, डोळे नसलेला करंट आणला. शस्त्र कायद्यावरच्या टीकेतला हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

‘पण बंदुका वाढल्या की मरणंही वाढणार ना?’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये.

टीकाकारांचं ठरलेलं उत्तर असतं, की गुन्हेगार परवाना मागायला येतच नाही. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे गोळीबाराच्या गुन्ह्यांत सापडणारी शस्त्रं बहुतेक विनापरवाना असतात. गावठी कट्टा मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येतो, तिथल्या उमर्टी गावाचं नाव पोलिसांच्या कारवायांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. कागदी अटी कितीही वाढवल्या तरी कट्ट्याला त्या लागत नाहीत.

पण हे उत्तर अर्धंच आहे. बीडने दाखवून दिलं की परवान्याचं शस्त्रही दहशतीसाठी वापरता येतं आणि त्यासाठी ते झाडावंही लागत नाही. ग्रामसभेत, बाजार समितीत, वाळूच्या घाटावर ते नुसतं दिसलं तरी समोरचा माणूस गप्प बसतो. ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत त्याच्याकडे परवाना असेल तर दोष कायद्याच्या कडकपणाचाही नाही आणि सैलपणाचाही नाही. पोलीस अहवाल लिहिणाऱ्याने काय लिहिलं आणि ते वाचणाऱ्याने काय वाचलं, तिथे दोष आहे.

आत्महत्येचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. घरात बंदूक असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो हे परदेशातल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. हे आपल्याला बंदुकीतून नाही तरी औषधातून माहीत आहे. मराठवाड्यात कर्जाने, नापिकीने खचलेल्या माणसाच्या हाताशी फवारणीचा डबा असतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. जीव द्यायचा विचार पुष्कळदा काही तासांचा असतो. त्या तासांत हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. बंदुकीतून वाचण्याची शक्यता तर औषधापेक्षाही कमी. म्हणून ‘घरटी बंदूक द्या’ ही मागणी कुणी आपल्या भागात केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन. पीकसंरक्षणाच्या बंदुका हंगामापुरत्या द्याव्यात, बाकीच्या काळात त्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा असाव्यात, असा मार्ग काढता येतो. शस्त्र जमा ठेवण्याची सोय कायद्यात आजही आहे.

‘स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मग साधन का नाही?’

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता. जीवावर बेतलं तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जाऊ शकतो. टीकाकार म्हणतात, हक्क देता आणि साधन हिरावून घेता, हे कसं? पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर, रात्री रस्ता नाही, तोवर माणसाने काय करायचं?

युक्तिवाद म्हणून तो चांगला आहे, पण बचावाचा हक्क म्हणजे ठरावीक साधनाचा हक्क नव्हे. न्यायालयांनी हे दोन्ही एक मानलेले नाहीत. तरी वाड्या-वस्त्यांवर आणि तांड्यांवर राहणाऱ्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. २०१६ च्या नियमांत धंद्यामुळे, नोकरीमुळे किंवा इतर कारणाने खरी गरज असलेल्या माणसाचा विचार करण्याची सूचना आहेच. पण ‘खरी गरज’ मोजायची कशी, हे मोघमच राहिलं. माजी सैनिकाला बँकेत किंवा एटीएमवर बंदूकधारी रक्षकाची नोकरी हवी असते. त्याने पंधरा-सतरा वर्षं शस्त्र सांभाळलेलं असतं. त्याचा परवाना लांबला की नोकरी जाते.

सूट कुणाला आणि का?

सगळ्यांना एकच नियम, असंही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं शीख धर्माचरणाचा भाग मानलं आहे. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना काही बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे. ती इंग्रजांच्या काळापासून चालत आली, केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती योग्य ठरवली. सूट मिळून तिथे रक्तपात झालेला नाही, असं टीकाकार म्हणतात. मला यातून वेगळंच दिसतं: सूट कुणाला, कोणत्या शस्त्राची, किती काळ, हे तिथे छापील आहे. पटो न पटो, वाद घालता येतो.

आपल्या रोजच्या व्यवहारात मात्र उलट होतं. आंदोलन, सण, निवडणूक आली की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्यात तलवार-बंदुकीबरोबर काठी आणि लाठीही येते. शस्त्र अधिनियम ज्या लाठीला शस्त्र मानत नाही, ती या आदेशात बंद होते. असे आदेश एकामागून एक निघत राहिले की लोक ते वाचणंच सोडून देतात. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात, त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असते. गुन्हे असलेल्यांच्या, पूर्वी दंगलीत नाव आलेल्यांच्या बंदुका आधी घ्याव्यात अशी त्यामागची कल्पना. ती छाननी मन लावून झाली तर कोणता परवाना मुळातच दिला जायला नको होता, हेही त्याच बैठकीत कळेल.

नकार आला तर काय करता येतं

नकार तोंडी घेऊ नका. कलम १४ प्रमाणे अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात आणि अर्जदाराने मागितली तर द्यायची असतात. जनहिताला बाधक ठरत असेल तरच ती देणं टाळता येतं. कलम १८ खाली अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते विभागीय आयुक्तांकडे जातं. निर्णयच होत नसेल तर अर्जाची पोच आणि २०१६ च्या नियमांतली मुदत दाखवून लेखी स्मरणपत्र द्या. अपिलात किंवा उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात हा कागदच उपयोगी पडतो.

ज्यांना परवाना नको आहे, पण गावात कुणाकुणाला मिळाला याची काळजी आहे, त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. नावं आणि पत्ते मागितले तर खासगी माहितीचं कारण पुढे येऊ शकतं. म्हणून आकडे मागा. तालुकानिहाय किती परवाने आहेत, त्यात पीकसंरक्षणाचे किती, स्वसंरक्षणाचे किती. वर्षभरात किती अर्ज आले, किती नाकारले, किती साठ दिवसांवर पडून आहेत. गुन्हे दाखल असलेल्या किती परवानाधारकांना कलम १७ खाली नोटीस गेली, आणि त्यातल्या किती जणांचं शस्त्र प्रत्यक्षात जमा झालं.